पानावरून आकार, कामावरून यंत्र

तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले आंबागड बाहेरच्या लोकांना ठाऊक आहे ते देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या काळातल्या किल्ल्यामुळे आणि जवळच्या गायमुखच्या यात्रेमुळे. गाव मात्र धानावर जगते. दहावीचा निकाल लागतो तेव्हा अशा गावांत रोवणीची तयारी सुरू झालेली असते, हातातला पैसा बियाण्याकडे आणि मजुरीकडे निघालेला असतो आणि नेमक्या त्याच वेळी घरात प्रश्न उभा राहतो : अकरावी-बारावीसाठी टॅब घ्यायचा की थोडे थांबून लॅपटॉप? टॅबच घ्यायचा तर आठ इंची, दहा-अकरा इंची की तेरा इंची? शहरातल्या घरात ही चूक वर्षभरात दुरुस्त होते. एक यंत्र मनासारखे निघाले नाही तर दुसरे येते. धानाच्या एका हंगामावर वर्ष काढणाऱ्या घरात ती चूक चार-पाच वर्षे सोबत राहते. म्हणून हा प्रश्न दुकानदाराच्या शिफारशीवर सोडण्याजोगा नाही. तो दोन भागांत तोडून नीट तपासला, तर उत्तर बरेच स्पष्ट मिळते. पडद्याचा आकार ठरवावा तो वाचायच्या पानावरून आणि टॅब की लॅपटॉप हे ठरवावे त्या यंत्रातून बाहेर पडायच्या कामावरून. हे दोन निकष एकमेकांत मिसळले की माणूस मोठा टॅब घेऊन लॅपटॉप मिळाल्याचे समाधान मानतो, किंवा लॅपटॉप घेऊन दोन वर्षे त्यावर फक्त व्हिडिओ पाहतो.

आधी परिस्थिती पाहू. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधल्या ७५व्या फेरीत ग्रामीण भारतातल्या फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता, शहरी घरांत २३.४ टक्के. त्या मोजणीत संगणक म्हणजे डेस्कटॉप आणि लॅपटॉपच नव्हे, टॅबही धरला होता. दुसरीकडे ग्रामीण मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. पण पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्याचा उपयोग अभ्यासाशी संबंधित कामासाठी करणारी मुले ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी करणारी ७६ टक्के. हे आकडे एकत्र वाचले की खेड्यातल्या घराची निवड ‘यंत्र असावे की नसावे’ यातली उरलेली नाही हे कळते. फोन आलेला आहे. नव्या यंत्राने दोन गोष्टी सिद्ध करायला हव्यात : फोनवर जे होत नाही ते त्यावर होते, आणि जे फोनवर होतच होते त्यासाठी पुन्हा पैसे मोजावे लागलेले नाहीत.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट या छोट्या वस्तीच्या शाळेत ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचा पडदा साडेसात इंची होता, पण त्याला खरा कीबोर्ड होता. ५ ऑक्टोबर २०११ ला केंद्र सरकारने ‘आकाश’ टॅब आणला. सात इंची पडदा, २५६ एमबी मेमरी आणि बोट दाबून धरल्याशिवाय दाद न देणारा स्पर्शपडदा. पुढच्या वर्षी आयआयटी मुंबईच्या सहभागाने त्याची सुधारित आवृत्ती आली, तरी योजना रुजली नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत मात्र शिक्षकाने स्वतः धडे तयार करून मुलांच्या हाती टॅब दिले आणि ती शाळा राज्यभर पाहिली गेली. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. इतर राज्यांत तामिळनाडूने २०११ पासून अकरावी-बारावीच्या मुलांना लॅपटॉप वाटले आणि हरियाणाने २०२२ मध्ये दहावी ते बारावीच्या मुलांना टॅब. या सगळ्यांतून एक गोष्ट हाती लागते. जिथे आधी किंमत ठरली, मग त्या किमतीत बसणारा पडदा आणि सर्वांत शेवटी त्यावर काय करायचे ते, तिथे यंत्र कपाटात गेले. जिथे आधी काम ठरले, तिथे साधे यंत्रही टिकले. नागपुरात मुख्यालय असलेली ‘महाज्योती’ ही संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना दहावीनंतर जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या ऑनलाइन प्रशिक्षणासाठी मोफत टॅब आणि दररोज ६ जीबी डेटा देते. भंडारा जिल्ह्यातल्या अनेक घरांत टॅबचा विचार सुरू झाला तो या योजनेमुळे. शेजारच्या मुलाला टॅब मिळाला आणि आपला अर्ज राहिला, की तसाच टॅब विकत घ्यावा का असा विचार ओघाने येतो. त्या योजनेत काम आधी ठरलेले आहे हे तेव्हा लक्षात ठेवले पाहिजे. दोन वर्षे तासिका पाहायच्या, नोट्स वाचायच्या, सराव परीक्षा द्यायच्या.

आता आकार. पडद्याचे इंच मोजले जातात ते कर्णावर, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, आणि इथेच पहिली दिशाभूल होते. ८.७ आणि ११ या आकड्यांत फारसे अंतर वाटत नाही. पण १६ः१० प्रमाणाच्या पडद्याचे क्षेत्रफळ काढले तर ८.७ इंची टॅबला सुमारे ३४ चौरस इंच मिळतात आणि ११ इंचीला ५४. म्हणजे कर्णात सव्वादोन इंचांची वाढ आणि जागेत ६० टक्क्यांची. याच हिशेबाने ४ः३ प्रमाणाचा १३ इंची टॅब ८१ चौरस इंचांचा होतो आणि १५.६ इंची लॅपटॉप १०४ चौरस इंचांचा. ही तुलना लॅपटॉपच्या बाजूने जाते असे दिसते. पण अभ्यास क्षेत्रफळावर होत नाही, पानावर होतो, आणि पान उभे असते.

म्हणून बालभारतीचे पान घेऊन मोजणे हा अधिक खरा मार्ग आहे. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात आणि अलीकडच्या पुस्तकांचे पान साधारण ए-४ आकाराचे, २१० मिलिमीटर रुंदीचे असते. साडेसहा इंची फोन उभा धरला तर पडद्याची रुंदी भरते ६८ मिलिमीटर, म्हणजे पान ३२ टक्क्यांवर येते. ८.७ इंची टॅबवर ते ५६ टक्के होते, ११ इंचीवर ७० टक्के आणि १३ इंचीवर जवळपास ९० टक्के. मूळ अक्षर १४ पॉइंटचे असेल तर फोनवर ते साडेचार पॉइंटचे दिसेल, छोट्या टॅबवर पावणेआठ, ११ इंचीवर जवळजवळ दहा. वर्तमानपत्राचा मजकूर साधारण नऊ-दहा पॉइंटच्या आसपास वाचायची आपल्या डोळ्यांना सवय आहे. म्हणजे पान न ताणता, न सरकवता, सलग वाचण्याची किमान पायरी दहा-अकरा इंचांशी येऊन ठेपते. आणखी एक मोजमाप याहून महत्त्वाचे आहे. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा आडवा असतो आणि त्याची उंची भरते १९४ मिलिमीटर. त्यावर ए-४चे अख्खे पान एका नजरेत पाहायचे तर ते ६५ टक्क्यांवर आणावे लागते, आणि त्यातूनही वरच्या-खालच्या पट्ट्यांची जागा वजा होते. उभा धरलेला ११ इंची टॅब तेच पान ७० टक्क्यांवर दाखवतो. म्हणजे एक अख्खे पान वाचण्याच्या कामात क्षेत्रफळाने निम्मा असलेला टॅब लॅपटॉपला मागे टाकतो.

मराठीत वाचणाऱ्यासाठी हा हिशेब अधिकच कडक होतो. रोमन अक्षर एका पट्टीत बसते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, आणि मध्ये जोडाक्षरांची दाटी असते. ‘वैशिष्ट्य’, ‘द्विघात’, ‘ऊर्ध्व’ असे शब्द फोनवरच्या लहान केलेल्या पीडीएफमध्ये पाहिले की ‘ष्ट्य’चा एकच काळा ठिपका होतो, पहिली आणि दुसरी वेलांटी ओळखू येत नाही आणि रफार अनुस्वारासारखा भासतो. विज्ञानाच्या पुस्तकात त्यात सूत्रांची भर पडते. वर्गाचा चिमुकला २ आणि रासायनिक सूत्रातला खालचा २ हे मूळ अक्षराहून आधीच लहान छापलेले असतात. ते ५६ टक्क्यांवर आणले की वाचक वाचत नाही, अंदाज करतो. बोटांनी मोठे करता येते की, असे यावर म्हटले जाते. येते. पण मोठे केलेले पान प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे सरकवावे लागते, ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवात शोधावी लागते आणि आकृती वरच्या कोपऱ्यात राहून तिचे स्पष्टीकरण खाली जाते. एखादा संदर्भ पाहायला हे चालते, रोज दोन-तीन तासांच्या अभ्यासाला चालत नाही.

मग १३ इंचीच का नको? पान ९० टक्के दिसते, म्हणजे जवळपास पुस्तकच. पण मोठ्या पडद्याचा फायदा ७० टक्क्यांनंतर वेगाने घटतो, कारण अक्षर आधीच वाचनीय झालेले असते. तोटे मात्र वाढत जातात. ११ इंची टॅबचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास असते आणि तो एका हाताने धरता येतो. १३ इंची टेकवूनच वापरावा लागतो, कव्हर आणि कीबोर्डसह तो हलक्या लॅपटॉपइतका जड होतो, आणि त्याची किंमत चांगल्या लॅपटॉपच्या घरात जाते. चित्रकार, संगीताच्या नोटेशनची पाने समोर ठेवणारा वादक, नकाशे पाहणारा अभियंता यांना तो आकार सार्थ आहे. आठ-नऊ इंचीचाही एक खरा ग्राहक आहे. एसटीच्या प्रवासात कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्याला तो सोयीचा, कारण ई-पुस्तकात अक्षर हवे तेवढे मोठे करता येते आणि ओळी आपोआप नव्याने जुळतात. पीडीएफमध्ये पान छापल्यासारखे गोठलेले असते, ओळी जुळत नाहीत. आपल्याकडे अभ्यासाचे जवळपास सारे साहित्य, पाठ्यपुस्तकांपासून जुन्या प्रश्नपत्रिकांपर्यंत, पीडीएफमध्येच फिरते. जोवर हे असे आहे, तोवर विद्यार्थ्यासाठी दहा-अकरा इंच हाच योग्य आकार.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. पडद्यावर वाचलेले नीट समजते का? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात ५४ अभ्यास आणि १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक तपासले गेले. माहितीपर मजकूर, विशेषतः वेळेच्या दडपणाखाली वाचताना, पडद्यापेक्षा कागदावर अधिक समजतो असा त्याचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष झटकून टाकण्याजोगा नाही, आणि टॅबची बाजू घ्यायला तो झटकण्याची गरजही नाही. त्यातून निघते ते एवढेच की छापील पाठ्यपुस्तक आणि वही टॅब आला म्हणून बाजूला पडता कामा नये. बालभारतीची पुस्तके स्वस्त आहेत, ती कागदावरच वाचावीत. टॅबने आणावे ते, जे गावात कागदावर मिळतच नाही : नागपूर-लातूरच्या शिकवणीत मिळणारी तासिका, मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, उत्तरांची स्पष्टीकरणे. याच कारणाने महागडी पेन्सिल घेण्याची घाईही करू नये. जेईई असो की सीईटी, परीक्षा केंद्रावर कच्चे काम कागदावरच करायचे असते. त्याचा सराव दोन रुपयांच्या पेनने वहीतच झालेला बरा.

आकार ठरला. आता दुसरा, अधिक अवघड भाग : टॅब लॅपटॉपची जागा घेतो का? २७ जानेवारी २०१० रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयपॅड दाखवला तेव्हा फोन आणि लॅपटॉप यांच्या मधले तिसरे यंत्र म्हणूनच त्याची ओळख करून दिली होती. त्याचा पडदा ९.७ इंची होता. सात इंची टॅब फार लहान असतात असे जॉब्ज यांनी त्याच वर्षी सांगितले, आणि दोन वर्षांत त्यांच्याच कंपनीचा ७.९ इंची आयपॅड मिनी आला. २०१५ मध्ये १२.९ इंची आला आणि लॅपटॉपला पर्याय म्हणून त्याचा प्रचार सुरू झाला. दरम्यान मायक्रोसॉफ्टने सरफेस आणून टॅबमध्येच पूर्ण विंडोज घातले. सॅमसंगने डेक्स नावाची सोय देऊन अँड्रॉइड टॅबवर खिडक्या उघडता येतील असे केले. २०२५ मध्ये अॅपलनेही आयपॅडला मोकळ्या हलवता येणाऱ्या खिडक्या दिल्या. पंधरा वर्षे मधले यंत्र लॅपटॉपकडे सरकते आहे हे खरे. तरीही प्रश्न सुटलेला नाही, कारण तो यंत्राच्या ताकदीचा नव्हताच.

तो कामाच्या दिशेचा आहे. यंत्रात काही येते : व्हिडिओ, पान, प्रश्न. आणि यंत्रातून काही बाहेर पडते : अहवाल, तक्ता, आराखडा, प्रोग्रॅम. आत येणाऱ्या कामाला एक खिडकी पुरते, बाहेर पडणाऱ्या कामाला किमान दोन लागतात, एक पाहायला आणि एक लिहायला. पुन्हा मिलिमीटर मोजू. ११ इंची टॅब आडवा धरला तर रुंदी २३७ मिलिमीटर. त्यात दोन खिडक्या शेजारी ठेवल्या की प्रत्येकीला ११८ मिळतात, म्हणजे ज्या ८.७ इंची टॅबला आपण लहान म्हणून बाजूला ठेवले, तसे दोन टॅब. पडद्यावरचा कीबोर्ड उघडला की उरलेल्यातलाही निम्म्याच्या आसपास भाग जातो. १५.६ इंची लॅपटॉपची रुंदी ३४५ मिलिमीटर आहे. त्यात प्रत्येक खिडकीला १७२ मिळतात, पान ८२ टक्क्यांवर दिसते आणि कीबोर्ड पडद्याची जागा खात नाही. एक पान वाचताना टॅब जिंकला होता. दोन पाने समोर ठेवून तिसरे लिहायची वेळ आली की लॅपटॉप जिंकतो, आणि मोठ्या फरकाने.

बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्याचे काम बहुतांश आत येणारे आहे. आंबागडसारख्या गावात त्या दोन वर्षांसाठी टॅबच्या बाजूने आणखी काही गोष्टी बोलतात. टॅब फोनच्या चार्जरवर किंवा साध्या पॉवर बँकेवर चार्ज होतो. लॅपटॉपला साधारण ४५ ते ६५ वॅट लागतात आणि पावसाळ्यात रात्र-रात्र लाइन गेली की तो मुका होतो. सिमकार्डची सोय असलेला टॅब घेणे इथे चैन नाही, कारण नेटसाठी वडिलांच्या फोनचा हॉटस्पॉट वापरायचा तर तो फोन सकाळीच वडिलांबरोबर बांधीवर गेलेला असतो. सिमचा टॅब स्वतःच्या नेटवर चालतो आणि रात्री गर्दी कमी असताना तासिका उतरवून ठेवता येतात. उन्हाचा विचारही हवा. अॅपल आपल्या आयपॅडसाठी वापराची मर्यादा ३५ अंश सांगते आणि भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. हा त्रास लॅपटॉपलाही आहेच, पण टॅबमध्ये पंखा नसतो. तेव्हा दुपारी चार्जिंगला लावून त्यावरच व्हिडिओ पाहणे आणि टिनाच्या छपराखाली तो ठेवून देणे, दोन्ही टाळावे. बॅटरीचे आयुष्य त्यानेच सर्वाधिक घटते.

टॅबवर दोन वर्षे काढलेल्या मुलाला एका ठिकाणी मात्र खरोखर ठेच लागते, आणि ती परीक्षेच्याच दिवशी. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या संगणकावर होतात. डेस्कटॉपचा पडदा उभ्या टॅबसारखा नसतो. प्रश्न माऊसने पुढे-मागे करायचे, अंकी उत्तरेही पडद्यावरच्या आकड्यांवर क्लिक करून भरायची. शहरातल्या मुलाने हे दहा वेळा केलेले असते. बोटाने सराव केलेल्या मुलाचा पहिला अर्धा तास माऊसशी जुळवून घेण्यात जातो, आणि जिथे मिनिटाला गुण आहे तिथे हा अन्याय लहान नाही. यावरचा उपाय मात्र स्वस्त आहे. अँड्रॉइड टॅबला ओटीजी जोडणीने साधा माऊस लागतो. शेवटच्या दोन-तीन महिन्यांतल्या सराव परीक्षा टॅब आडवा उभा करून माऊसनेच द्याव्यात, आणि जमल्यास काही तुमसरच्या एखाद्या संगणक वर्गात बसून. टॅब वाटणाऱ्या योजनांनी सोबत माऊस आणि एक जोडणी दिली, तर वाढणारा खर्च टॅबच्या किमतीपुढे अगदी किरकोळ असेल आणि फायदा थेट परीक्षेत दिसेल.

बारावी संपली की कामाची दिशा उलटते. वाणिज्य शाखेच्या मुलाला टॅली शिकायचे असते, आणि टॅली विंडोजवर चालते. पॉलिटेक्निकला सूक्ष्म प्रकल्पांचे अहवाल असतात, ऑटोकॅडची रेखाटने असतात. टॅबवर त्याची जी आवृत्ती मिळते ती आराखडा पाहायला आणि किरकोळ बदल करायला ठीक आहे, पूर्ण काम करायला नाही. संगणकशास्त्राच्या मुलाला प्रोग्रॅम लिहून, चालवून, चुका शोधायच्या असतात. नोकरीच्या बाजूने पाहिले तरी तेच. मराठी ३० आणि ४० शब्दांची टंकलेखन परीक्षा संगणकावर होते, एमएस-सीआयटी संगणकावर होते, २०२३ ची तलाठी भरतीची परीक्षाही संगणकावरच झाली. मराठीत काम करणाऱ्यासाठी आणखी एक अडचण आहे. अनेक छापखान्यांत, दैनिकांत आणि कचेऱ्यांत आजही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फायली फिरतात. त्या टॅबवर उघडल्या तर अक्षरांऐवजी चिन्हांची रांग दिसते. युनिकोडने हा प्रश्न तत्त्वतः सोडवला आहे, पण टेबलावर आलेली जुनी फाइल तत्त्वाने उघडत नाही. ज्याला डीटीपी, ग्रामपंचायतीतले संगणक परिचालकाचे काम किंवा सेवा केंद्र चालवायचे आहे, ज्याला डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावून निविदा भरायची आहे, त्याच्यासाठी टॅब हा पर्यायच नाही.

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्हींत तथ्य आहे. पहिला : कीबोर्ड जोडला की टॅबचा लॅपटॉप होतो. टंकनापुरते हे खरे, पण ११ इंची टॅबच्या कीबोर्डची रुंदी टॅबएवढीच, म्हणजे कळा नेहमीपेक्षा जवळ-जवळ. शिवाय बाहेरून जोडलेल्या कीबोर्डवर मराठीची इन्स्क्रिप्ट कळमांडणी नीट चालते का, रेमिंग्टन मांडणी मिळते का, हे प्रत्येक टॅबवर वेगळे असते. ते दुकानातच लावून पाहावे. दुसरा : आता सारे ब्राउझरमध्ये चालते, कागदपत्रेही आणि तक्तेही. चालतात, पण नेट असेल तर, आणि साध्या स्वरूपापुरती. समासाची रुंदी, पानाचे क्रमांक, अनुक्रमणिका, तक्त्यातली सूत्रे असा पन्नास पानी अहवाल टॅबवर उभा करणाऱ्याला कामापेक्षा साधनाशी अधिक झगडावे लागते. तिसरा : मराठी बोलून टंकन आता उत्तम होते. होते, आणि ज्यांना टंकन येत नाही त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे. पण लेखनाचा मोठा वाटा दुरुस्तीचा असतो, आणि दुरुस्ती करायला शब्दाच्या मध्ये नेमका कर्सर ठेवावा लागतो. ते माऊस आणि कळांनीच सुखाने होते. सरफेससारखी यंत्रे यातून सुटतात हे मान्य, पण ती टॅबच्या आकाराचे लॅपटॉपच आहेत, आणि किंमतही तशीच आहे.

उलट बाजूने विचारले जाते की शेवटी लॅपटॉपच लागणार असेल, तर अकरावीतच तो का घेऊ नये? एकदाच खर्च होईल. वरवर हे शहाणपणाचे वाटते, पण अकरावीत घेतलेला स्वस्त लॅपटॉप पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत म्हातारा होतो, आणि नेमके तेव्हाच त्याच्याकडून जड काम हवे असते. दोन वर्षे तो व्हिडिओ पाहायला वापरायचा आणि कामाची वेळ आली की तो दमलेला, असा हा सौदा होतो. शिवाय दहावीत मुलगी वैद्यकीयकडे जाईल, नर्सिंगला जाईल, कृषी पदविकेला की अभियांत्रिकीला हे ठरलेले नसते. लॅपटॉप कोणता हवा ते शाखेवरून ठरते. म्हणून अकरावीत मध्यम किमतीचा दहा-अकरा इंची टॅब आणि उरलेले पैसे बाजूला, हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो. पदवीला प्रवेश मिळाला की त्या शाखेला साजेसा लॅपटॉप घ्यावा आणि टॅब धाकट्या भावंडाकडे जावा. ज्या मुलाला महाज्योतीचा टॅब मिळाला आहे त्याने घरचे पैसे दुसऱ्या टॅबवर मुळीच घालू नयेत, पुढच्या लॅपटॉपसाठी राखावेत. आणि ज्या घरात एकच खर्च शक्य आहे आणि मुलाचा कल टॅली, डिझाइन किंवा प्रोग्रॅमिंगकडे आधीच स्पष्ट आहे, त्या घराने टॅब वगळून चांगल्या अवस्थेतला जुना लॅपटॉप घ्यावा. त्यात मेमरी वाढवता येते, एसएसडी घालता येते, बॅटरी बदलता येते. टॅबचे अंतरंग गोंदाने चिकटवलेले असते आणि पडदा फुटला तर दुरुस्तीसाठी बहुधा नागपूरच गाठावे लागते.

किंमत पाहताना जाहिरातीतला आकडा पाहू नये, पूर्ण संच पाहावा. टॅब, कव्हर, कीबोर्ड, पेन्सिल, सिमच्या आवृत्तीचा फरक आणि महिन्याचा रिचार्ज यांची बेरीज करून पाहिली, की ‘लॅपटॉपला पर्याय’ म्हणून विकले जाणारे टॅब लॅपटॉपइतकेच महाग निघतात. टॅब स्वस्त असतो तो टॅब म्हणूनच वापरला तर. तो लॅपटॉप करण्याच्या प्रयत्नातच महाग होतो. दहा-अकरा इंची टॅब निवडताना किमान ४ जीबी, शक्यतो ६ जीबी मेमरी, मेमरी कार्डची जागा, सिमची सोय आणि सुरक्षा अद्यतने किती वर्षे मिळणार याचे लेखी आश्वासन एवढे पाहिले तरी पुरते. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आणि सोबत स्पीकर किती, यावर पैसे वाढवू नयेत.

एक गोष्ट मात्र घराच्या हातात नाही. दहावी-बारावीच्या मुलाला लॅपटॉप रोज लागत नाही, पण महिन्यातून काही दिवस लागतोच : प्रवेशाचा अर्ज भरायला, सहीचा फोटो सांगितलेल्या केबीत बसवायला, सराव परीक्षा खऱ्या पडद्यावर द्यायला, टंकन शिकायला. आज या प्रत्येक कामासाठी मुले तुमसरच्या नेट कॅफेत रांग लावतात, आणि मुलींना तर सोबत कुणी असल्याशिवाय तेही जमत नाही. गावच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात चार चालू संगणक, मराठी इन्स्क्रिप्टचे कीबोर्ड, विजेची सोय आणि संध्याकाळी दोन तास जबाबदार माणूस एवढे असेल, तर पाच-पन्नास घरांवरचा लॅपटॉपचा घाईचा खर्च टळेल आणि प्रत्येक घर निश्चिंतपणे टॅबवर थांबू शकेल. वैयक्तिक वाचनासाठी मुलाच्या हातात टॅब आणि लेखनासाठी गावात सामायिक संगणक, ही जोडी खेड्यातल्या विद्यार्थ्याला आजच्या खर्चात मिळू शकणारी सर्वांत न्याय्य सोय आहे. योजना आखणाऱ्यांनी टॅबची संख्या मोजताना या चार संगणकांचीही मोजणी सुरू करावी, आणि पालकांनी ग्रामसभेत ती मागणी नोंदवावी. टॅबचा आकार घराने निवडायचा आहे. लॅपटॉपची वेळ येईपर्यंत मुलाचे काम अडणार नाही, ही जबाबदारी गावाने आणि शासनाने घ्यायला हवी.